क्रियापदाविना वाक्य

जबलपूर येथे अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी, असा त्यांचा नित्याचा व्यवहार. अशा घरी आलेला पाहुणा विचारतो, "ही कोणती नदी?" मुलगा उत्तर देतो, "ही नर्मदा." या संवादात क्रियापद नाही, तरीही अर्थ पूर्ण आहे. हेच विधान हिंदीत करताना तो मुलगा सामान्यतः "यह नर्मदा है" असे म्हणेल.

"ही नर्मदा" या वाक्यात 'आहे' हे क्रियापद अध्याहृत आहे. अध्याहृत म्हणजे प्रत्यक्ष न उच्चारता गृहीत धरलेले. मराठी म्हणींना या रचनेमुळे नेमकेपणा येतो. उदा. 'अति तेथे माती', 'नाव मोठे, लक्षण खोटे'.

ही रचना केवळ मराठीची नाही. फ्रेंच भाषेत साध्या विधानात क्रियापद सहसा आवश्यक असते. परंतु म्हणींत ते गळू शकते. 'तेल पेर, तेल फिस' ही फ्रेंच म्हण पाहा. तिचा अर्थ 'जसा पिता, तसा पुत्र'. मूळ म्हणीतही क्रियापद नाही आणि मराठी अर्थातही नाही.

मात्र क्रियापद सर्वत्र गाळता येत नाही. "जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात" एवढेच लिहिल्यास ही आजची स्थिती आहे, असा चुकीचा अर्थ निघू शकतो. पेशव्यांनी हा प्रदेश भोसल्यांना १७९८ मध्ये दिला. पुढे तो इंग्रजांकडे गेला. म्हणून येथे 'होते' हे क्रियापद हवेच. वर्तमानकाळाचा बोध संदर्भाने होतो. भूतकाळ व भविष्यकाळ बहुधा क्रियापदानेच स्पष्ट करावे लागतात. नकारासाठीही 'नाही', 'नाहीत' ही क्रियारूपे लागतात.

समजा, जबलपूरहून नागपूरच्या नातेवाइकांना निरोप गेला, "बाबा रुग्णालयात." बाबा स्वतः आजारी आहेत की कोणाला भेटावयास गेले आहेत? आता तेथे आहेत की काल होते? वाचणारा घाबरून रात्रीची गाडी पकडेल. "बाबा काल तपासणीसाठी रुग्णालयात गेले होते; आता घरी आहेत" असे लिहिल्यास ही चिंता टळते.

लक्षात ठेवा : ऐकणाऱ्यास जे निश्चित ठाऊक आहे, तेच गाळावे.

स्वाध्याय
१. क्रियापद नसलेल्या दोन म्हणी लिहा.
२. "सभा शाळेत." हे वाक्य भूतकाळ व भविष्यकाळात पूर्ण करा.