जुन्या स्टीलच्या कॅनमध्ये कोम्बुचा

जुनं स्टीलचं भांडं विकत घेताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: आधी यात काय भरलेलं असायचं? दुकानदाराने "दूध", "तेल", "मिठाईवाल्याचा पाक" असं सरळ सांगितलं, तर पुढचं बोलणं होतं. "धुऊन देतो ना ताई, काय फरक पडतो," असं उत्तर आलं की मी तिथून निघते. कुर्ल्याच्या भंगारबाजारात जाड पत्र्याची, चकचकीत, झाकणाला क्लॅम्प असलेली पिंपं दिसतात. औषधांच्या किंवा रसायनांच्या कारखान्यातून निघालेल्या अशा पिंपाचं स्टील बऱ्याचदा उत्तम, 316 प्रतीचं असतं, आणि माणूस भुलतो तो त्यालाच. पण सांध्यात, झाकणाच्या घडीत, रबराच्या कड्यात काय मुरून बसलंय हे घरी ओळखण्याचा कोणताही उपाय नाही. शिवाय आत द्रावकाची वाफ उरलेली असेल आणि वर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चाललं, तर पिंपाचा स्फोट होतो. रिकामं दिसतं म्हणून ते निर्धोक नसतं. असं पिंप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मी पवईत राहते आणि घरी कोम्बुचा करते. गोड चहात जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र वाढणारी साय सोडायची, वर घट्ट विणीचं कापड बांधायचं आणि आठवडा-दीड आठवडा थांबायचं. आपल्याकडच्या हवेला वेगळी ऊब द्यावी लागत नाही. 24 ते 30 अंश तापमान त्याला मानवतं आणि ते मुंबईत वर्षातला बराच काळ आपसूक मिळतं. काचेच्या बरणीत दोन-तीन लिटर निघतं तोवर प्रश्न नसतो. इमारतीतली चार घरं मागू लागली की मोठं भांडं लागतं, आणि मोठी काच सांभाळणं अवघड. म्हणून लोक स्टीलकडे वळतात.

बिअरच का नाही करत, असं मला बरेच जण विचारतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 वाचा, एवढंच मी त्यांना सांगते. कलम 65 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं तर गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भांडी आणि साधनं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. परदेशातल्या हौशी लोकांचे बिअरच्या टाक्यांचे व्हिडिओ पाहून इथे तसंच करायला जाऊ नये. आमच्या भागाला आणखी एक आठवण आहे. डिसेंबर 2004 मध्ये शेजारच्या विक्रोळीत विषारी दारूने माणसं गेली, जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत 100 हून अधिक. ते बळी मिथेनॉलचे होते, साध्या आंबवणीतून तेवढं मिथेनॉल तयार होत नाही. तरीही घरातून आंबूस वास येऊ लागला की शेजाऱ्यांच्या मनात शंका येणं मला स्वाभाविक वाटतं. मी काय करते ते दार उघडून दाखवते. कोम्बुचातही किंचित अल्कोहोल तयार होतं, एरवी अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कधी जास्तही. पण साखर शिल्लक असताना बाटली उबेत बंद राहिली तर ते वाढत जातं. त्यामुळे कोम्बुचा लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी देत नाही.

आता स्टीलकडे येऊ. कोम्बुचा तयार होतो तेव्हा त्याचा पीएच अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असतो, म्हणजे चांगलाच आंबट. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांतलं काहीही त्यात टिकत नाही. टिकत नाही म्हणजे विरघळून पेयात उतरतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू नये, हे आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या पाळलं गेलंय, कारण तेच आहे. ऑस्ट्रेलियात झिलईच्या मातीच्या भांड्यात केलेल्या कोम्बुचातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद 1998 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पेय नेहमीचंच होतं, विष भांड्यातून आलं.

आपल्या बाजारात 'स्टील' या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे धातू विकले जातात. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल चार ते सहा टक्क्यांवर येतं आणि त्याची जागा मँगनीज घेतं. त्याच्याही खाली 'जे-4' नावाची प्रत चालते, तिच्यात निकेल जेमतेम एक टक्का. रोजच्या ताट-वाट्यांना हे चालून जातं. आंबट द्रव आठ-दहा दिवस भरून ठेवायला चालत नाही. लोहचुंबक लावून पाहा असा सल्ला सगळे देतात, पण चुंबक फक्त 400 मालिकेचं स्टील पकडतो. 304 आणि 202 दोघांनाही तो चिकटत नाही. उलट चांगल्या 304 चा तळ साच्यात खोल ओढून काढलेला असेल, तर तिथे तो हलकासा ओढला जातो आणि लोक अस्सल भांडं नाकारतात. भरवशाचे मार्ग दोन. भंगारवाल्यांकडे परीक्षेचं द्रावण असतं, थेंब टाकून बॅटरीची तार टेकवली की मँगनीजवाल्या 202 वर तांबडा रंग येतो. मोठ्या व्यापाऱ्यांकडे हातात धरायचं एक्स-रे यंत्र असतं, त्याला या धंद्यात पीएमआय गन म्हणतात. ते काही सेकंदांत घटकांचे टक्के दाखवतं. थोडे पैसे देऊन ही तपासणी करून घ्या, आणि ती कॅनच्या पोटाची, गळ्याची, तळाची आणि झाकणाची वेगवेगळी करा.

वेगवेगळी का, ते माझ्या कॅनने मला दाखवलं. पवईला लागून आरे कॉलनी आहे, 1949 साली वसवलेली. तिथल्या एका गोठ्यातून निघालेला चाळीस लिटरचा दुधाचा कॅन मला मिळाला. कॅन खरोखर 304 चा होता. तळाशी नळ बसवण्यासाठी तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात दिला. परत आला तेव्हा बाहेरून वेल्डिंग इतकं सुबक होतं की हात फिरवावासा वाटे. पावसाळ्यात नळाच्या भोवती आतून तपकिरी ठिपके उमटले आणि पेयाला लोखंडी चव आली. सगळं ओतून दिलं, साय टाकून दिली. मग पीएमआय गन लावली: कॅन ठीक, पण नळासाठी वेल्ड केलेला सॉकेट 202 चा निघाला. वेल्डच्या आतल्या बाजूला काळा, खरबरीत थर होता, कारण वेल्डिंग करताना आतून आर्गन वायू सोडलाच नव्हता. बाहेरून दिसणारी सफाई आणि आतला सांधा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय.

स्टीलला गंज चढत नाही तो त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर बिघडतो. सांध्याजवळ निळा, सोनेरी, तपकिरी रंग दिसतो तो शोभेचा समजू नका. तिथलं क्रोमियम कमी झालंय, असा त्याचा अर्थ. म्हणून गाळ्यावर तीन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: आर्गन वेल्डिंग 308एल रॉडने होईल का, आतून आर्गन देणार का, आणि नंतर पिकलिंग पेस्ट लावून रंग काढून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला "बफ मारून देतो" असं उत्तर आलं तर काम देऊ नका. बफने रंग जातो, पण खालचं क्रोमियम कमी झालेलं स्टील पेस्टने निघतं तसं निघत नाही. आणखी एक पाहा: गाळ्यातल्या ग्राइंडरच्या त्याच चकतीने आधी साधं लोखंड घासलेलं असेल, तर लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पुढे तेच गंजतात.

खरं म्हणजे घरच्या वापराला वेल्डिंग लागतच नाही. आता मी भोक पाडून, दोन्ही बाजूंनी खाद्यप्रतीच्या सिलिकॉनचे वॉशर लावून, 304 च्या चेकनटने अर्धा इंची नळ कसते. सगळं सुटं करता येतं, धुता येतं, डोळ्यांनी पाहता येतं. नळ मात्र पितळेवर क्रोम चढवलेला मिळतो, तो हमखास टाळा. पितळात शिसं असू शकतं आणि आतल्या बाजूला क्रोम नसतोच. बॉल व्हॉल्व्ह घेतलात तर तो दर खेपेला पूर्ण उघडून धुवा, कारण गोळ्याच्या मागच्या पोकळीत जुनं पेय साचून राहतं. कॅनच्या झाकणाचं रबर जुन्या दुधाचा वास सोडत नाही, ते बदलावंच लागतं. आणि भांडं निवडताना एक साधी कसोटी लावा: कोपरापर्यंत हात आत जाऊन तळ घासता आला पाहिजे. कोम्बुचाला हवा लागते, म्हणून कॅन खांद्याच्या खालपर्यंतच भरायचा, गळ्यापर्यंत नाही.

धुण्यासाठी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी पुरेसं आहे. तारेची घासणी वापरू नका. ब्लीच तर अजिबात नको, क्लोराइडने 304 ला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्याच कारणाने मिठाच्या पाण्यातलं लोणचं या कॅनमध्ये घालू नये. नवं भोक पाडल्यावर आणि त्यानंतर अधूनमधून मी सायट्रिक अ‍ॅसिडचं साधारण पाच टक्क्यांचं कोमट द्रावण अर्धा-पाऊण तास भरून ठेवते. पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण निघतात आणि हवेत कोरडं झाल्यावर तो संरक्षक थर पुन्हा धरतो.

सगळ्यात जास्त काळजी मला झाकण घट्ट लावणाऱ्यांची वाटते. क्लॅम्प दिसला की फेसाळ पेय थेट कॅनमध्येच करण्याची कल्पना सुचते. हिशोब पाहा: 100 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण 51 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, मुंबईच्या तापमानात तो 28-29 लिटर जागा व्यापेल. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाखाली कुकरच्या शिट्टीइतका दाब झाला, तर त्या झाकणावर 300 किलोहून अधिक जोर येतो. कुकर त्यासाठीच बनवलेला असतो, त्याला वजनी शिट्टी आणि सुरक्षा झडप असते. दुधाच्या कॅनला यातलं काही नसतं. बिअरचे जुने केग दाबासाठी बनवलेले असतात, पण भंगारात आलेला केग बहुधा कुठल्यातरी ब्रुअरीच्या मालकीचा असतो, आणि आत दाब असताना त्याची मधली नळी खोलली तर ती गोळीसारखी सुटते. कॅनवर कापड ठेवा. फेस हवा असेल तर पेय दाब सोसणाऱ्या जाड बाटल्यांत भरा, वर दोन बोटं जागा सोडा, एक दिवस बाहेर ठेवून लगेच फ्रिजमध्ये टाका, आणि प्रत्येक खेपेला एक प्लॅस्टिकची बाटलीही भरा. ती दाबून कडक लागली की बाकीच्या त्याच घडीला थंड करायच्या.