स्वस्त होस्टिंग : लाभ किती, हानी किती?

लेख लिहून झाला म्हणजे लेखकाचे काम संपले, पुढचे काम मुद्रकाचे, असे पूर्वी म्हणता येत असे. आज अनुदिनी, म्हणजे ज्यास आपण सर्वजण ब्लॉग म्हणतो ती, लिहिणाऱ्यास लेखनाखेरीज मुद्रक, प्रकाशक आणि ग्रंथपाल या तिन्ही भूमिका स्वतःच पार पाडाव्या लागतात. यांपैकी ग्रंथपालाची भूमिका आम्ही विसरलो, आणि त्याची किंमत आम्हास मोजावी लागली. आमच्याप्रमाणे इतरांची फसगत होऊ नये, यास्तव हा अल्पसा अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहो.

आपला बालाघाट जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. तरीही येथील कित्येक घरांत मराठी आणि खेडोपाडी पोवारी बोली टिकून आहे. आमच्या भित्तिपत्रक मंडळाने पोवारीतील शब्द, तसेच येथील छोट्या रेल्वेच्या आठवणी गोळा करण्याचे योजिले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे विसाव्या शतकाच्या आरंभी गेलेला तो अरुंद मार्ग आता रुंद झाला आहे आणि त्या गाडीवर नोकरी केलेली पिढीही हळूहळू सरत आहे. आम्ही वर्गणी काढली, एका कंपनीची सर्वांत स्वस्त जागा एक वर्षासाठी घेतली आणि एकेचाळीस लेख, छायाचित्रे व काही ध्वनिमुद्रणे तेथे चढविली.

वर्ष संपले. नूतनीकरणाची रक्कम पहिल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट होती; आणि तिची सूचना शाळा सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या ई-मेलवर जात राहिली. मुदत टळताच खाते बंद झाले आणि सर्व मजकूर पुसला गेला. लेख वह्यांतून पुन्हा उतरवून काढता आले. परंतु रेल्वेत खलाशी म्हणून आयुष्य काढलेल्या एका आजोबांचे बोलणे केवळ तेथेच साठविलेले होते. ते आजोबा गतवर्षी निवर्तले.

दोष स्वस्ताईचा की आमचा? याचे उत्तर शोधण्यापूर्वी होस्टिंग म्हणजे काय ते पाहू. आपले पान वाचकास केव्हाही दिसावयाचे तर ते अहोरात्र चालू असणाऱ्या आणि इंटरनेटशी जोडलेल्या संगणकावर ठेवावे लागते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि त्याजवरील जागा भाड्याने देणे म्हणजे होस्टिंग. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात. चाळीत जिना सामायिक आणि नळही सामायिक, तसाच हा प्रकार. म्हणूनच भाडे कमी. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही मात्र निराळी वस्तू होय. होस्टिंग ही खोली, तर डोमेन ही दारावरची पाटी.

प्रथम लाभ पाहू. नवख्या लेखकास स्वस्त जागा पुष्कळ अंशी पुरेशी असते, आणि हे साध्या गणिताने दाखविता येते. यूनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. हजार शब्दांच्या लेखात काना, मात्रा धरून सुमारे ७,००० चिन्हे येतात. म्हणजे लेख झाला सुमारे २० किलोबाइटचा. एक गिगाबाइट जागेत असे सुमारे ५०,००० लेख मावतील! याउलट मोबाइलवर काढलेले छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते, म्हणजे त्या एकाची जागा २०० लेखांइतकी. सारांश, शब्द स्वस्त असतात, चित्रे महाग. छायाचित्रे लहान करून चढविणाऱ्यास अल्प भाड्याची जागाही वर्षानुवर्षे पुरते. शिवाय अनुदिनीसाठी लागणारी वर्डप्रेससारखी प्रणाली तेथे एका कळीसरशी बसविता येते. ही प्रणाली २००३ पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे.

आता दुसरी बाजू. पहिली उणीव किमतीचीच आहे. जाहिरातीतील दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो. समजा, पहिल्या वर्षी महिना १०० रुपये आणि पुढे महिना ३०० रुपये असा करार आहे. तीन वर्षांचा खर्च १,२०० अधिक ३,६०० अधिक ३,६००, एकूण ८,४०० रुपये होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की रक्कम ९,९१२ रुपयांवर जाते. म्हणजे शंभराची वाटणारी जागा वस्तुतः महिना सुमारे २७५ रुपयांना पडली.

दुसरी उणीव शेजाऱ्यांची. शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी झाली की आपले पान मंदावते. आणि आपल्याकडे गर्दी झाली तर कंपनी आपल्यावर मर्यादा घालते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वेळी एखाद्याचा चिन्नोरवरील लेख एकाच दिवशी हजारो लोकांनी उघडू लागावे आणि नेमके तेव्हाच ते पान बंद पडावे, असे घडू शकते. 'अमर्याद जागा' या शब्दांनी हुरळून जाऊ नये. फायलींची संख्या आणि संगणकाचा वापर यांवरील मर्यादा करारातील बारीक अक्षरांत असतात.

तिसरी उणीव अंतराची. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १३,००० किलोमीटरवर अमेरिकेत असेल, तर एका हेलपाट्यास किमान ०.१३ सेकंद लागणारच. तो मुंबईत असता तर याच्या दशांशाहूनही कमी वेळ लागता. एक पान उघडण्यास असे अनेक हेलपाटे पडतात. म्हणून सर्व्हर कोठे आहे, हे आधी विचारावे.

चौथी उणीव आपणा मराठी लेखकांस विशेष जाचणारी. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी त्यातील मूळची योजना लॅटिन लिपीची होती. जुनी प्रणाली तशीच चालविणाऱ्या ठिकाणी मराठी लेखाऐवजी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसू शकतात. तेव्हा वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद तेथे साठवून, पुन्हा उघडून पाहावा.

येथे कोणी म्हणेल, मग जास्त पैसे मोजावे म्हणजे झाले! किंवा याउलट, फुकटची जागाच का घेऊ नये? दोन्ही प्रश्नांचे उत्तर इतिहासात आहे. जिओसिटीज या १९९४ साली निघालेल्या संकेतस्थळाने असंख्य लोकांस फुकट पाने दिली. पुढे ते याहूने विकत घेतले आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील सेवा बंद केली. फुकटची जागा मालकाच्या मर्जीची असते. दुसरे उदाहरण १० मार्च २०२१ चे. त्या दिवशी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या युरोपातील मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागली. तेथे रोख भाडे भरणारे ग्राहक होते. परंतु त्यांपैकी काहींच्या मजकुराच्या प्रतीही त्याच आवारात असल्यामुळे मूळ आणि प्रत दोन्ही भस्मसात झाली. भाडे अधिक दिल्याने वेग मिळतो, मदत तत्पर मिळते. पण मजकुराचे रक्षण आपोआप होत नाही.

यावरून आम्ही स्वतःसाठी चार नियम केले आहेत. एक, पहिल्या वर्षाचा दर न पाहता करासह तीन वर्षांचा हिशेब करावा. दोन, डोमेन आपल्याच नावे नोंदवावे आणि खात्यास व्यक्तीचा नव्हे, तर संस्थेचा कायम टिकणारा ई-मेल द्यावा. पाटी आपल्या हाती असली की खोली केव्हाही बदलता येते. तीन, दरमहा संपूर्ण मजकुराच्या दोन प्रती काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. चार, त्या प्रती अधूनमधून उघडून पाहाव्या. कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

हे नियम पाळणाऱ्यास स्वस्त होस्टिंग घेण्यास काहीच हरकत नाही, असे आमचे मत झाले आहे. आम्हीही पुन्हा स्वस्तच जागा घेतली आहे. स्वस्त जागा घेतली ही आमची चूक नव्हती. परक्याच्या जागेलाच आपले एकमेव कपाट मानले, ही चूक होती. आपल्या जिल्ह्यातील शेतकरी धान कितीही विकले तरी पुढील पेरणीचे बियाणे वेगळे काढून ठेवतो. ते शहाणपण आम्हास घरातच शिकता आले असते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अनुदिनीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि दुसरी एका शिक्षकांच्या घरी जाते. त्या आजोबांचे बोलणे मात्र परत मिळावयाचे नाही. ज्या वाचकांच्या घरी छोट्या गाडीच्या आठवणी सांगणारे कोणी वडीलधारे असतील, त्यांनी या सुट्टीतच ते बोलणे मुद्रित करून आमच्याकडे आणावे. आम्ही आधी त्याच्या दोन प्रती करू आणि मगच ते जगापुढे ठेवू.