छर्र्याची बंदूक आणि वेगाचा संयम

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांचे ऋण मान्य केलेले असावे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी असाव्यात, हे रीतीला धरूनच आहे. त्यांच्या जोडीला तरुण वाचकांना स्वतः करून पाहता येईल असा एखादा पाठही असावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. धर्मादाय न्यासाने बंदुकीचा पाठ कशास द्यावा, असे ती विचारतील. उत्तर सरळ आहे. छर्र्याची बंदूक आपल्या घरांत आधीच येऊन बसली आहे. टावर चौकाच्या आसपासच्या कित्येक घरांत ती माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असते आणि सुटी लागली की मुले ती खाली काढतात. कार्तिक मेळ्यासारख्या जत्रेत फुगे फोडण्यासाठी तर ती कोणाच्याही हाती येते. जी वस्तू घरात आहे तिचे ज्ञानही घरात असावे, हे बरे.

बंदूक खाली आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हिचा मार किती?” आमच्या मते प्रश्न निराळा हवा : “हिचा मार दर वेळी सारखा आहे काय, आणि आपल्या कामापुरताच आहे काय?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच या पाठाचा विषय होय.

१. जोर म्हणजे नेम नव्हे

दहा मीटर अंतरावरील एअर रायफलचा खेळ १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकमध्ये आला. याच प्रकारात अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्समध्ये अंतिम फेरी गाठली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे जगज्जेते झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रुद्रांक्ष पाटील, खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि दिव्यांश सिंह पंवार या तिघांनी मिळून १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम केला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. तिघांच्या मिळून गोळ्या १८०. म्हणजे दर गोळीमागे सरासरी १०.५ गुण पडले. या खेळातील लक्ष्याचा सर्वांत आतला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि १०.५ गुण मिळवायचे तर छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा मिलिमीटरच्या आत पडावा लागतो. सव्वा मिलिमीटर! ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता त्या बंदुकीचा वेग पाहा. स्पर्धेच्या उत्तम रायफलीतून छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. दुकानातील जाहिराती मात्र सेकंदाला हजार फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर वेगाची प्रौढी मिरवतात. जगातील सर्वांत अचूक हवेची बंदूक बाजारातील बंदुकीहून इतकी मंद असते, ती कारागिरांना जोर आणता येत नाही म्हणून नव्हे. दहा मीटरला अधिक जोराचे प्रयोजनच नाही, म्हणून त्यांनी तो मुद्दाम आवरलेला असतो. घड्याळाचेही असेच आहे. कमानीचा जोर एकदम सुटला तर काटे भिरभिरतील, पण वेळ कळणार नाही. तो जोर थोडा थोडा आणि मोजून सोडला जातो म्हणूनच घड्याळ वेळ दाखवते.

स्प्रिंगच्या बंदुकीत अतिजोराचा आणखी एक तोटा आहे. चाप ओढला की आतील दट्ट्या पुढे धावतो, पुढची हवा दाबतो आणि त्या हवेने छर्रा ढकलला जातो. छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच दट्ट्याच्या हिसक्याने सारी बंदूक हललेली असते. स्प्रिंग जितकी कडक, तितका हिसका मोठा. शिवाय बंदूक ताणण्यास बळ लागते ते वेगळेच. बारा वर्षांच्या मुलाचे दंड ताणतानाच थरथरू लागले, तर त्याने नेम कशाने धरावा?

२. वेग आणि ऊर्जा

छर्र्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे उपयोगी पडते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा धरला तर हिशेब असा येतो :

वेग १२० मीटर : ऊर्जा ३.६ जूल
वेग १७० मीटर : ऊर्जा ७.२ जूल
वेग २५० मीटर : ऊर्जा १५.६ जूल
वेग ३०० मीटर : ऊर्जा २२.५ जूल

२५० वरून १७० वर येताना वेग तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, पण ऊर्जा निम्म्याहून खाली येते. म्हणजे पाटीतून आरपार जाऊन शेजारच्या अंगणात पडणारा छर्रा पाटीतच थांबण्याचा संभव पुष्कळ वाढतो. याला कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० जूलच्या वर असेल किंवा नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरहून अधिक असेल, तर परवाना लागतो. स्प्रिंग कडक करून मार वाढवणारा हौशी मनुष्य आपण ही रेघ कधी ओलांडली हे जाणतही नाही.

३. वेग मोजावा कसा?

वेग मोजण्याचे विजेचे यंत्र मिळते. ते नसले तरी अडत नाही. ज्या शतकात सवाई जयसिंहांनी आपल्या उज्जैनीत वेधशाळा उभारली, त्याच शतकात, १७४२ साली, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने गोळीचा वेग लंबकाने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. ती घरीही करता येते.

सुमारे सहा सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर खोल असा पत्र्याचा डबा घ्यावा. गणपती करतात ती शाडूची माती मळून त्यात ठासून भरावी. डब्यासह वजन बरोबर ४०० ग्रॅम करावे. मग डबा आडवा ठेवून, दोन्ही टोकांना दोन दोन दोरे बांधून, एक मीटर उंचीवरून टांगावा, म्हणजे तो पिळणार नाही. मातीचे तोंड नेमबाजाकडे असावे. डब्यामागे फूटपट्टी आडवी लावून तिच्यावर पुठ्ठ्याचा हलका तुकडा डब्याला टेकवून ठेवावा. डबा मागे सरकला की तुकडा सरकेल आणि तेथेच राहील. या साऱ्याच्या मागे जाड फळी व तिच्यामागे वाळूचे पोते असलेच पाहिजे. बंदुकीचे तोंड दोन मीटर दूर असावे, नाही तर नुसत्या हवेच्या झोतानेच डबा ढकलला जाईल. हजर असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड चष्मा हवा.

डबा छर्र्याच्या आठशे पट जड असतो. म्हणून छर्रा रुतल्यावर डब्याला छर्र्याच्या वेगाचा सुमारे आठशेवा भाग मिळतो. एक मीटर दोऱ्यावर याचा हिशेब अगदी सुटसुटीत बसतो : डबा जितके सेंटिमीटर सरकेल, त्याला २५ ने गुणावे. ६.८ सेंटिमीटर सरकला तर वेग १७० मीटर. १० सेंटिमीटर सरकला तर २५० मीटर. छर्रा अर्ध्याऐवजी ०.५३ ग्रॅमचा असेल, तर २५ च्या जागी २३.७ घ्यावेत. छर्र्याचे वजन बहुधा डबीवर छापलेले असते.

एकाच गोळीवर निष्कर्ष काढू नये. दहा झाडाव्यात, दहाही आकडे वहीत लिहावेत, आणि सरासरीबरोबर सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांतील अंतर पाहावे. बंदुकीची खरी परीक्षा या अंतरात असते. माती वाळते, रुतलेल्या छर्र्यांनी वजनही वाढते. म्हणून दर दहा गोळ्यांनंतर छर्रे काढून डबा पुन्हा तोलावा.

४. वेग उतरवावा कसा?

पहिला उपाय फुकटचा आहे. पुष्कळ जण बंदुकीच्या पोटात शिलाई मशीनचे तेल सोडतात. दाबाने हवा तापते, तेलाचे कण पेटतात, मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि छर्रा भलत्याच वेगाने जातो. पुढची गोळी मात्र निराळ्या वेगाची. हा मार बंदुकीचा नव्हे, पेटलेल्या तेलाचा. तेल सोडणे बंद करावे. जुने तेल जळून गेले की वेग आपोआप खाली येऊन स्थिरावतो.

दुसरा उपाय जड छर्रा. ०.४५ ऐवजी ०.५३ ग्रॅमचा छर्रा घातला तर तेवढ्याच जोराने वेग सुमारे आठ टक्के कमी होतो. मात्र ध्यानात ठेवावे की येथे वेग उतरतो, ऊर्जा जवळजवळ तितकीच राहते. बंदूक काही सौम्य झाली नाही.

तिसरा आणि खरा उपाय स्प्रिंगचा. स्प्रिंग बसवतानाच ती थोडी दाबून बसवलेली असते. तिच्यामागे चकती असेल तर ती काढल्याने हा आधीचा दाब कमी होतो. त्याने भागले नाही तर मऊ जातीची नवी, पूर्ण स्प्रिंग घालावी. काही जण जुनीच स्प्रिंग कापतात. ते चांगले नव्हे. कापलेले टोक सपाट राहत नाही, आतून घासते, आणि वेढे कमी झाल्याने उरलेली स्प्रिंग अंगाने अधिक कडक होते. हे काम जाणत्या कारागिराकडून, शिकंज्यात बंदूक धरूनच करवून घ्यावे. न ताणलेल्या बंदुकीतही स्प्रिंग दाबलेली असते, आणि मागचे बूच सुटताच ती तोंडावर उसळू शकते.

पंपाच्या बंदुकीत उपाय सोपा : हापसे कमी मारावेत, पण दर वेळी मोजून तितकेच. सिलिंडरच्या स्पर्धा रायफलीत २०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाची हवा भरतात. तिच्या दाबनियंत्रकाला घरी हात लावू नये. सिलिंडरवर छापलेली मुदतही पाहावी.

काही जण हवेचे भोक अर्धे बुजवून किंवा झिजलेला वॉशर तसाच ठेवून वेग कमी झाल्याचे समाधान मानतात. अशाने वेग कमी होईल, पण सारखा राहणार नाही. गळतीने आलेला मंदपणा हा आजार आहे, योग्य स्प्रिंगने आलेला मंदपणा हे आरोग्य. तसेच छर्रा न घालता चाप कधी ओढू नये. समोर अडथळा नसला की दट्ट्या थेट धातूवर आदळतो.

५. किती उतरवावा?

संयमालाही मर्यादा आहे. दहा मीटर जाताना छर्रा थोडा खाली पडतोच : २५० मीटर वेगाला सुमारे ८ मिलिमीटर, १७० ला १७, १२० ला ३४. एवढ्याने बिघडत नाही, दर्शक तितका वर घेतला की झाले. अडचण निराळी आहे. वेगात १० मीटरचा चढउतार झाला, तर १७० च्या बंदुकीत छर्रा सुमारे २ मिलिमीटर वरखाली पडतो, १२० च्या बंदुकीत ५ ते ६. शिवाय मंद छर्रा नळीत अधिक वेळ असतो, म्हणून चाप ओढल्यावरही क्षणभर बंदूक जागची हलू देता कामा नये. ही सवय शिकाऊ मुलाला लाभाचीच ठरते. पण वेग फारच उतरवला तर छर्रा नळीतच अडकण्याची भीती असते, आणि त्याच्यामागे दुसरा घालणे धोक्याचे. म्हणून घरच्या शिक्षणासाठी १५० ते १७५ मीटर हा पट्टा आम्हांस योग्य वाटतो.

६. काही नियम

मंद बंदूक म्हणजे खेळणे नव्हे. ३.६ जूलचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणून तोंड नेहमी लक्ष्याकडे आणि बोट चापाबाहेर. बंदूक ताणून कधी ठेवू नये. लक्ष्यामागे वाळू किंवा जाड फळी असावी, उघडी भिंत किंवा दगड नसावा. वडील माणूस शेजारी असल्यावाचून एकही गोळी झाडू नये. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्यावाचून खाऊ नये. आणि पाखरे, खारी, माकडे, कुत्री ही लक्ष्ये नव्हेत. ज्याला कागद पुरत नाही, त्याच्या हाती बंदूक देऊ नये.

दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. जुन्या वाड्याच्या ओसरीपासून परसापर्यंत, किंवा एखाद्या सभागृहाच्या एका कडेने, एवढी जागा सहज निघते. सुटीत अशा ठिकाणी एक पाटी, एक वाळूचे पोते, एक नीट उतरवलेली बंदूक आणि एक जबाबदार वडील माणूस मिळाला, तर आपल्या मुलांना श्वास आवरणे, मन स्थिर करणे आणि आपले आकडे आपणच खरे लिहिणे, हे तिन्ही शिकता येईल. न्यासाच्या तरुण सभासदांनी याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. तोवर प्रत्येक घराने एवढे तरी करावे : माळ्यावरची बंदूक मुलांच्या हाती देण्यापूर्वी शाडूच्या डब्यापुढे तिचे दहा आकडे घ्यावेत आणि मगच ती द्यायची की नाही ते ठरवावे.