परसदारची भाटी

खेडोपाडी अशी पुष्कळ मांजरे दिसतात की, ज्यांना स्वतःचे म्हणून घर नसते. सकाळी ती एकाच्या परसदारी येतात, दुपार दुसऱ्याच्या गोठ्यात काढतात आणि रात्री उंदरांच्या मागावर शेतातून हिंडतात. त्यांना कोणी पाळलेले नसते आणि कोणी हाकलूनही दिलेले नसते. अशा एखाद्या मांजरीला पिल्ले होण्याचे दिवस जवळ आले, म्हणजे तिची काळजी कोणी वाहावयाची? रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका घरी हा प्रश्न एका उन्हाळ्यात उभा राहिला.

कोकणात मांजरीला भाटी म्हणतात. त्या घरच्या परसदारी येणारी भाटी राखी रंगाची व पट्टेरी होती. तिचे नाव कोणी ठेवलेले नव्हते. मासे साफ करण्याच्या वेळी ती न चुकता विहिरीपाशी येई, मिळेल ते खाई आणि निघून जाई. अंगाला हात मात्र ती लावू देत नसे. एप्रिलच्या अखेरीस आजीच्या ध्यानात आले की, खाऊन झाले तरी भाटी जात नाही. दुसऱ्या घासाची वाट पाहत बसते. आणखी काही दिवसांनी तिचे पोट दोन्ही अंगांनी भरल्यासारखे दिसू लागले.

"भाटी गाभण आहे," आजी म्हणाली.

मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, म्हणजे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. बाहेर हिंडणाऱ्या मांजरीच्या बाबतीत हे दिवस कोठून मोजावयाचे हे कळत नाही. म्हणून खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळे गुलाबी होतात. पाचव्या आठवड्यात पोट दिसू लागते. शेवटच्या आठवड्यात आचळे दुधाने फुगतात, आणि मांजर कुशीवर स्वस्थ निजली असता पोटातील पिल्लांची हालचाल दुरूनही दिसते. पिल्ले किती आहेत हे पाहण्यासाठी पोट दाबू मात्र कधीही नये; त्याने पिल्लांना इजा होते आणि मांजरीचा विश्वासही उडतो. नातवाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून हिशेब केला. पिल्ले जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन मृगाच्या तोंडावर होणार होती.

ही बातमी ऐकून घरात सर्वांनाच आनंद झाला असे नाही. त्याच घरी धाकट्या काकूंनाही दिवस गेले होते. गर्भवती स्त्रीला मांजरापासून रोग होतो, असे मुलांच्या वडिलांनी कोठेतरी ऐकले होते. ते म्हणाले, "आई, उगाच धोका नको. पाऊस लागायच्या आत हिला गोणपाटात घालून खाडीपलीकडे सोडून येतो."

ही रीत अनेक गावांत आहे. सोडून आलेल्या माणसाला वाटते की, आपण काही जीव घेतला नाही. पण ओळखीचा मुलूख सुटलेल्या मांजरीला पाणी कोठे आहे, कुत्री कोठून येतात, आडोसा कोणता, यांतले काहीही ठाऊक नसते. पोटात पिल्ले असताना ते शोधण्याइतका वेळही तिच्यापाशी उरलेला नसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९६० सालीच झाला आहे. आजीला कायदा माहीत नव्हता. ती एवढेच म्हणाली, "अरे, आधी डॉक्टरांना विचार. मग गोणपाट शोध."

काकूंच्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते वडिलांच्या ऐकण्याहून पुष्कळ वेगळे होते. मांजराच्या विष्ठेतून एका सूक्ष्म जीवाचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भातील बाळाला अपायकारक असतो, हे खरे. परंतु कच्चे राहिलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतील माती यांतूनही तोच संसर्ग होतो. तेव्हा काकूंनी मांजराची घाण काढू नये, मातीत हात घालू नयेत, भाजी स्वच्छ धुवावी आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. मांजरीला घालवून देण्याची गरज नाही. वडिलांनी हे मान्य केले. मात्र भाटी माजघरात येता कामा नये, अशी अट घातली. भाटीलाही माजघराची हौस नव्हती. त्यामुळे ही अट दोन्ही पक्षांनी शेवटपर्यंत पाळली.

आता खाण्याचा प्रश्न आला. मांजर म्हटले की आपल्याला दूधभात आठवतो. पण मांजराचे शरीर दूधभातावर पोसत नाही. पुष्कळशा मोठ्या मांजरांना गाईचे दूध पचतही नाही. त्याने त्यांचे पोट बिघडते. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मासे आणि मांस यांतूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे डोळे अधू होतात हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गाभण मांजरीला तर हे द्रव्य पोटातील पिल्लांसाठीही लागते. गर्भकाळाच्या अखेरीस तिला नेहमीच्या सव्वापट ते दीडपट अन्न हवे असते. इकडे पिल्लांनी पोटात जागा अडविलेली असते, म्हणून एका वेळी तिला फारसे खाववत नाही. यासाठी दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे.

मे महिन्यापर्यंत मासळीची चिंता नव्हती. आजी बांगड्याची डोकी शिजवून, काटे काढून भाटीपुढे ठेवी. परंतु माशांच्या विणीच्या हंगामासाठी १ जून ते ३१ जुलै समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि बाजारात ताजी मासळी क्वचितच येते. घरात सुका बांगडा होता. पण तो खारट. म्हणून आजी त्याचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवी, सकाळी ते पाणी टाकून देई आणि मग तो शिजवी. कधी उकडलेले अंडे, कधी कोंबडीच्या मांसाचे बिनमिठाचे तुकडे असत. कांदा व लसूण यांपासून मात्र तिला दूर ठेवावे लागे; कारण त्यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. पाण्यासाठी नातीने एक मोठी करवंटी घासून ठेवली. ती रोज धुऊन भरणे हे तिचे काम, आणि एक दिवस ती ते विसरली तेव्हा आजीने तिलाही दुपारपर्यंत सरबत दिले नाही.

मुलांना सर्वांत उत्साह होता तो घर बांधण्याचा. आंब्याचा हंगाम संपत आला होता; त्यामुळे रिकाम्या पेट्यांना तोटा नव्हता. नातवाने एक लाकडी पेटी निवडली. आत मांजरीला पाय ताणून निजता येईल आणि वळता येईल एवढी ती ऐसपैस होती. तिचे खिळे त्याने ठोकून बसविले व एका बाजूची फळी कापून दार केले. दाराला अर्ध्या वितीचा उंबरठा ठेवला. तो आजीने ठेवावयास सांगितला, कारण पिल्ले आंधळी असतात. उंबरठा नसेल तर ती सरपटत बाहेर येतात आणि गारठतात. जन्मतः पिल्लाचे वजन अवघे शंभर ग्रॅमच्या आसपास असते, आणि स्वतःच्या अंगाची ऊब त्याला स्वतः राखता येत नाही. पेटीत खाली जुनी वर्तमानपत्रे व वर आजीच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. लोंबणारे दोरे आधी कापून टाकले. इवल्याशा पायांत ते अडकतात. ही पेटी पडवीच्या कोपऱ्यात, चार विटांवर ठेवण्यात आली.

भाटी आली. तिने पेटीचा वास घेतला, एक पाय आत ठेवला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी नातू तिला उचलून पेटीत ठेवावयास गेला आणि मनगटावर तीन ओरखडे घेऊन परतला. आजीने त्याला प्रथम नळाखाली नेले. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली आणि लगेच आरोग्य केंद्रात पाठविले. मांजराच्या दातानखांची जखम लहान दिसली तरी ती कधीही लपवू नये. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही, पण वेळेवर घेतलेल्या लशीने तो टळतो. नातवाला सुया टोचून घ्याव्या लागल्या. त्याचा राग भाटीवर निघणार, इतक्यात आजी म्हणाली, "जागा तिला पाहायची आहे, तुला नाही. ती कुठे जाते ते बघ."

दोन दिवस पाहिल्यावर समजले. भाटी दुपारी गोठ्यात जाई, शिडीवरून माळ्यावर चढे आणि पेंढ्यामागच्या कोपऱ्यात बराच वेळ बसे. तिची निवड चुकीची नव्हती. कुत्र्याला शिडी चढता येत नाही, पेंढ्याची ऊब असते आणि माणसांची वर्दळ कमी. उणीव एकच होती: त्या कोपऱ्यावरची कौले फुटलेली होती. घराची शाकारणी दरवर्षी आधी होई व गोठ्याची नंतर. त्याप्रमाणे चालले असते, तर ऐन बाळंतपणात भाटीच्या डोक्यावर एक तर पावसाची धार पडली असती किंवा कौले काढणारी माणसे येऊन उभी राहिली असती. आजीने क्रम बदलावयास सांगितले. वडील कुरकुरले, पण मेच्या अखेरीस गोठा आधी शाकारला गेला. तीन दिवस भाटी माळ्याकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा शिडी चढली, आणि त्याच संध्याकाळी, ती शेतात गेली असता, मुलांनी आंब्याची पेटी लुगड्याच्या घड्यांसह तिच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

खाणे मात्र वर नेले नाही. अन्नाच्या वासाने तांबड्या मुंग्या येतात, आणि नवजात पिल्लांना त्या जिवंत सोडत नाहीत. शिवाय परका बोका त्याच वासाने माग काढतो, आणि तो कधीकधी पिल्लांना मारतो. म्हणून भाटीचे ताट शिडीपासून दूर, विहिरीपाशीच राहिले.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही नातू एकदा वडिलांबरोबर जाऊन आला. डॉक्टरांनी थोडक्यात सांगितले. माणसांचे कोणतेही औषध मांजराला देऊ नये. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला विषच आहे. कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडांचे औषधही लावू नये. जंतांचे औषध द्यावयाचे तर ते विचारूनच. मांजरी अर्धा तास जोराच्या कळा देत आहे आणि पिल्लू बाहेर येत नाही, किंवा पुष्कळ रक्त जात आहे असे दिसले, तर वाट न पाहता दवाखान्यात आणावे. पिल्ले अंगावरून तुटली, म्हणजे भाटीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. नाही तर वर्षातून दोनतीनदा हीच धांदल होईल. हे शेवटचे वाक्य वडिलांनी फार लक्षपूर्वक ऐकले.

जूनच्या चार तारखेला भाटीचे वागणे बदलले. ती खाण्याला तोंड लावीना. पोट चाटी, उठे, पुन्हा बसे, कोपऱ्याकोपऱ्यांतून डोकावे. पाच तारखेला दिवेलागणीच्या सुमारास ती माळ्यावर गेली आणि रात्री पावसाला तोंड लागले. नातू विजेरी घेऊन गोठ्याकडे निघाला. आजीने त्याला दारातच अडविले. मांजर पिल्लांना सात घरे फिरविते असे म्हणतात. सातच घरे असतात असे नव्हे. पण जागा उघडी पडली असे वाटले, की ती एकेक पिल्लू मानेला धरून उचलते आणि दुसरीकडे नेते. पिल्लू तिच्या तोंडात निश्चल लोंबकळत राहते. सर्व भार आईवर टाकणाऱ्या या पिल्लावरूनच भक्तीचा मार्जारन्याय आपल्याकडे सांगितला जातो. त्या रात्री असे स्थलांतर झाले असते, तर ते भर पावसात झाले असते. नातवाने विजेरी फडताळात ठेवली.

सकाळी विहिरीजवळचे ताट भरलेलेच होते. दुपारीही ते तसेच होते. पहिला दिवसभर मांजर पिल्लांपासून हलत नाही, हे ठाऊक असूनही आजी दोनदा शिडीपाशी जाऊन कान देऊन आली. वर भाटी कण्हत नव्हती. पेंढ्यामागून अगदी बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज तेवढा येत होता.

सायंकाळी पाऊस थांबला तेव्हा भाटी खाली उतरली. तिचे पोट आत गेले होते. तिने ताटातले अंडे संपविले, सुका बांगडा संपविला, करवंटीतले पाणी तळापर्यंत प्यायली आणि कोणाकडेही न पाहता ती शिडी चढून गेली.

पडवीतून काकूंनी विचारले, "किती आहेत हो?"

"कुणी मोजलीत!" आजी म्हणाली, आणि ताट धुवावयास विहिरीकडे गेली.