पशुसेवकांचा गौरव आणि रेतनाची नोंदवही

जनावरांच्या दवाखान्यात पदवीधर वैद्याच्या मदतीस जो सेवकवर्ग असतो, त्याची आठवण पारितोषिकांच्या प्रसंगी क्वचितच होते. इंग्लंडमध्ये अशा परिचारिकांच्या शिक्षणाची अधिकृत योजना १९६१ मध्ये सुरू झाली. आज तेथे हा नोंदणीकृत व्यवसाय असून उत्कृष्ट परिचारिका व विद्यार्थी यांचा रीतसर गौरव होतो. महाराष्ट्रात हेच काम पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर आणि कृत्रिम रेतन तंत्रज्ञ यांच्यात वाटले गेले आहे. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांस भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा किरकोळ सेवा म्हणतो, व त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावयाच्या असतात. कायद्याच्या दृष्टीने त्या किरकोळ असतील. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस राहून गेलेल्या गोठ्याला मात्र तसे वाटणार नाही.

पुणे शहराला या विद्येचा जुना वारसा आहे. लष्करी पशुवैद्यकीय शाळा येथे १८६२ मध्ये निघाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीही १८८९ मध्ये येथेच सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे गेली. औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेस लंपी चर्मरोगावरील स्वदेशी लसीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२२ मध्ये देण्यात आले. परंतु लस प्रयोगशाळेत कितीही उत्तम झाली, तरी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमान राखून ती वाडीवस्तीवर नेणारा सेवक दक्ष नसेल तर ती वाया जाते.

शहराजवळच उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था स्थापन केली व शेतकऱ्याच्या दारी रेतनसेवा पोचविण्याचे मोठे कार्य उभे केले. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो सर्वथा योग्यच होता. पण थंड नळकांडे घेऊन गोठोगोठी जाणाऱ्या तंत्रज्ञांची नावे कोणास ठाऊक आहेत?

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्काराने ही उणीव काही अंशी दूर केली आहे. २०२१ पासून त्यात कृत्रिम रेतन तंत्रज्ञांचा स्वतंत्र विभाग असून किमान ९० दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्यास अर्ज करता येतो. अर्ज शासनाच्या राष्ट्रीय पुरस्कार संकेतस्थळावर करावयाचा असतो. २०२४ च्या पुरस्कारांत पहिल्या क्रमांकाच्या पशुपालकास ५ लाख रुपये, तर तंत्रज्ञास केवळ प्रमाणपत्र व स्मृतिचिन्ह होते. हा भेद खटकण्यासारखा आहे.

मात्र रकमेपेक्षा निवडीचा निकष अधिक महत्त्वाचा आहे. समजा, एका तंत्रज्ञाने वर्षात १,००० रेतने केली व ३०० गाई गाभण राहिल्या; दुसऱ्याने ६०० केली व २७० राहिल्या. संख्येवर भुलणारा पहिल्यास निवडील. पण त्याच्या हातून शेकडा ३०, तर दुसऱ्याच्या हातून शेकडा ४५ गाई गाभण राहिल्या. उलटलेली गाय सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते, आणि तेवढ्या दिवसांचा चारा शेतकऱ्याच्या पदरचा जातो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी रेतन करणे, कांडी कोमट पाण्यात नीट वितळविणे, घाई न करणे, ही कामे समारंभात दिसत नाहीत. गाभण गाईंच्या आकड्यात तेवढी दिसतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही असेच आहे. पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून आहे. विद्यापीठाची सुवर्णपदके मुख्यतः गुणांवर मिळतात. अडलेल्या म्हशीजवळ रात्र काढणाऱ्या आंतरवासी विद्यार्थ्याचीही दखल घेणारे एखादे पारितोषिक असावयास हवे.

योग्य सेवकाचे नाव पुढे यावे असे वाटत असल्यास ग्रामसेवकांनी व पशुपालकांनी नोंदीकडे लक्ष द्यावे. रेतनाची तारीख, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक व कांडीवरील वळूचा क्रमांक लिहून घ्यावा. दोन ते तीन महिन्यांनी गाभण तपासणी करवून तिचा निकाल त्याच ओळीत भरावा. गाय उलटल्यास तेही तंत्रज्ञास अवश्य कळवावे. संकोचाने पुष्कळ जण ते सांगत नाहीत, दुसऱ्यास बोलावतात, आणि पहिल्याच्या वहीत ती गाय कायमची गाभणच राहते.