पासवर्ड एकटा पुरत नाही



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, हुमणी, खोडव्याची निगा असे विषय मांडतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तुमच्या उसाशी त्याचा संबंध आहे. ऊस नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, बिले ही सगळी कामे आता संगणकावर चालतात. त्या संगणकाचे कुलूप म्हणजे पासवर्ड. आणि कोणत्याही संस्थेच्या ऑफिसात जा, तिघे-चौघे मिळून एकच पासवर्ड वापरताना हमखास दिसतील.

यात सभासदाचे काय जाते? बरेच जाते. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो. समजा, कोणी दुसऱ्याच्या नावाने संगणकात शिरून आपल्या आडसालीची १५ ऑगस्टची तारीख १५ जुलै करून ठेवली. त्याचा ऊस आधी तुटणार, आणि तुमचा फड उन्हात वाळत राहणार. वजनातली घट तुमच्या पदरात. चौकशीत नाव निघणार ते ज्याचा पासवर्ड वापरला त्या क्लार्कचे, जरी तो बिचारा त्या वेळी घरी जेवत असला तरी. बिलासाठी दिलेला बँक खात्याचा नंबर बदलला तर काय होईल, ते सांगायला नकोच.

पासवर्डची चोरी ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची पद्धत तयार झाली, आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून पासवर्ड आले. १९६२ मध्ये तिथल्याच अॅलन शेर नावाच्या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. कारण काय, तर त्याला मिळणारा संगणकाचा वेळ कामाला पुरत नव्हता! म्हणजे वर्षभरातच या कुलपाची किल्ली बाहेर गेली होती.

खरी अडचण अशी की, गोठ्यातली गाय चोरीला गेली तर दावे रिकामे दिसते. पासवर्ड चोरीला गेला तरी तो तुमच्याजवळ असतोच. चोरी झाली हे कळतच नाही. हुमणी मुळाशी लागते आणि ऊस पिवळा पडल्यावरच आपल्याला समजते, तसाच हा प्रकार.

“मग अवघड पासवर्ड ठेवा,” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेत टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन ही सुमारे ८,८५० किलोमीटरची वाहिनी आहे. ७ मे २०२१ रोजी ती बंद करावी लागली. चोर आत शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्याचा पासवर्ड आधीच फुटलेला होता, आणि दुसरा कुठलाही पुरावा तिथे विचारला जात नव्हता. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे अमेरिकन सिनेटसमोर सांगितले की पासवर्ड साधासुधा नव्हता, चांगला अवघड होता. तरीही पाच दिवस पुरवठा थांबला, पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली. तिचा काही भाग सरकारने नंतर परत मिळवला, हे खरे.

यावर उपाय म्हणजे दुसरा पुरावा. माणसाची ओळख तीन प्रकारे पटते : त्याला काय माहीत आहे, त्याच्या हातात काय आहे, आणि त्याचे अंग काय सांगते. एटीएमला कार्डही लागते आणि पिनही लागतो. एकटे कार्ड सापडून चोराला उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना दुसरा पुरावा सक्तीचा केला, आणि ओटीपी आपल्या ओळखीचा झाला.

पण ओटीपीतही एक खोट आहे. तो तोंडाने सांगता येतो. जी गोष्ट सांगता येते ती गोड बोलून काढूनही घेता येते. खोटे पान उघडून दिले तर माणूस पासवर्ड टाकतो आणि ओटीपीही टाकतो. म्हणून मोठ्या संस्था आता सुरक्षा-किल्ली वापरतात. ही पेन ड्राइव्हसारखी छोटी वस्तू असते. तिच्या आतली खूण कधीच बाहेर पडत नाही. समोरचे पान खऱ्या पत्त्याचे असेल तरच ती साथ देते. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कामगारांना खोटे संदेश आले. तिघांनी फसून पासवर्ड दिलेही. पण किल्ली चोराच्या हातात नव्हती, त्यामुळे त्याला आत जाता आले नाही. हीच सोय आता मोबाइलमध्ये ‘पासकी’ या नावाने मिळते.

अंगठ्याच्या ठशाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. उसाच्या पाचटाने घासलेल्या हातांचे ठसे यंत्राला नीट उमटत नाहीत, हे रेशन दुकानावर आपण पाहतो. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? पासकीमध्ये मात्र ठसा मोबाइलबाहेर जात नाही, तेवढे बरे.

आपल्याकडे सगळ्यांना एकदम किल्ल्या द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. सुरुवात बिले काढणारा हिशेब विभाग, वजनकाटा आणि ऊस नोंद बदलण्याचा अधिकार असणारे मोजके लोक यांच्यापासून व्हावी. प्रत्येकाला दोन किल्ल्या, त्यातली एक तिजोरीत. म्हणजे हरवली तरी काम अडणार नाही. चिटबॉयपासून वरपर्यंत ज्याचे त्याचे खाते स्वतंत्र असावे. आणि हंगामी कामगारांची खाती गळीत बंद होईल त्याच दिवशी बंद व्हावीत. कोलोनियलचे दार अशाच जुन्या खात्यातून उघडले होते. किल्ल्यांना खर्च येतो, पण हे शेवटचे काम तर फुकटच होण्यासारखे आहे, त्याला हंगामाची वाट पाहायचे कारण नाही.

सभासदांनी आपल्याकडून दोन गोष्टी पाहाव्यात. कारखान्यातून बोलतो असे सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवावा आणि गट ऑफिसला कळवावे. मोबाइल किंवा बँक खात्याचा नंबर बदलायचा असेल तर फोनवर सांगू नये. पासबुक घेऊन स्वतः यावे, आणि बदल केल्याची सही-शिक्क्याची पोच घेऊनच जावे.