डबल बास वाजवताना अंगठा दुखतो

प्रश्न : डबल बास शिकते आहे. थोड्याच वेळात डावा अंगठा भरून येतो. काय करावं?

उत्तर : अंगठ्याने वाद्याची मान आवळणं आधी थांबवा. अंगठा चक्क उचलून एक सूर वाजवून पाहा. कोपर किंचित मागे ओढलं की हाताच्या वजनानेच तार पट्टीला टेकते. मग अंगठा नुसता टेकवा.

साधारण १०५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला अर्धस्वर जवळपास ६ सेंटिमीटरवर येतो. तिथे चारही बोटं फाकवून ठेवण्याचा हट्ट नको. सिमांडल पद्धतीत खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं करंगळीला आधार देतं. पुढच्या सुरासाठी बोट ताणू नका, अख्खा हात सरकवा.

तारा फार उंच असतील तर कारागिराकडून घोडी उतरवून घ्या. तरीही दुखलं, तर वादन थांबवून डॉक्टरांना दाखवा.